क्लबवर आरोप झाला तर विश्वस्तांनी काय करायचं: पहिल्या रात्रीपासून सर्वसाधारण सभेपर्यंत

वडोदऱ्यात खेळाची संस्था चालवणं हे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम आहे. सयाजीराव महाराजांनी व्यायामाला दिलेला आश्रय, प्रा. माणिकरावांनी घडवलेलं जुम्मादादा व्यायाम मंदिर, विजय हजारेंचं बडोद्याचं क्रिकेट हा वारसा आपण अभिमानाने सांगतो. आजही दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत कुस्ती, मल्लखांब, खो-खो, जिम्नॅस्टिक्स आणि क्रिकेटचे लहानमोठे क्लब सुरू आहेत. त्यांचे विश्वस्त बहुधा निवृत्त माणसं असतात. कुणी बँकेतून आलेलं, कुणी रेल्वेतून, कुणी शाळेतून. मानधन नाही, उलट वेळप्रसंगी खिशातून घालावे लागतात.

अशा संस्थेवर एक दिवस आरोप होतो. प्रशिक्षकाने मुलीशी गैरवर्तन केलं, शिबिराच्या फीचा हिशेब लागत नाही, निवडीसाठी पैसे घेतले, वयाचा दाखला खोटा लावला. त्या क्षणी मंडळातल्या कुणाच्या ना कुणाच्या तोंडून वाक्य निघतं, "संस्थेचं नाव खराब व्हायला नको." अशा संस्थांचे हिशेब आणि ट्रस्टचे कागद मी बरीच वर्षं पाहत आलो आहे आणि माझं मत पक्कं आहे: मूळ गैरप्रकार एकाने केलेला असतो, पण या वाक्यामुळे अख्खं मंडळ त्यात ओढलं जातं. आधी तक्रार करणाऱ्याला जपायचं, मग कागद जपायचे. संस्थेच्या नावाचा विचार त्यानंतर.

आरोप कशाचा आहे ते आधी ठरवा

प्रत्येक आरोपाचं घड्याळ वेगळं असतं, म्हणून ही पहिली पायरी. तक्रारीत १८ वर्षांखालील मूल आणि लैंगिक स्वरूपाची वागणूक असेल तर मंडळाला सभेची वाट पाहण्याचाही अधिकार नाही. तक्रार प्रौढ महिलेची असेल तर ती ठरलेल्या समितीकडेच जायला हवी. पैसा, निवड किंवा वयाच्या दाखल्यांचा आरोप असेल तर मंडळाला थोडा श्वास घ्यायला वाव असतो, पण कागद त्याच रात्री ताब्यात घ्यावे लागतात. एकाच तक्रारीत दोन प्रकार असले तर मुलाचा प्रकार आधी.

मुलाविषयीची तक्रार

एक नेहमीचा प्रसंग घ्या. संध्याकाळी मैदानावर एक आई चिटणीसांना बाजूला घेऊन म्हणते, "सर, मुलगी आता प्रॅक्टिसला यायचं नाही म्हणते. कोच सर तिला रात्री घाणेरडे मेसेज पाठवतात." चिटणीस भला माणूस असतो. तो म्हणतो, "ताई, मी सरांना चांगली समज देतो. तुम्ही कुठे बोलू नका, उगाच मुलीचं नाव चर्चेत येईल." सहानुभूतीने बोललेलं हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने घातक आहे. प्रशिक्षक सावध होतो, मेसेज पुसले जातात आणि चिटणीस स्वतः आरोपी होण्याच्या वाटेला लागतो.

पॉक्सो (मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा) कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची भीती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल माहिती दडवली तर ही मुदत १ वर्षापर्यंत जाते. आरोप खरा की खोटा हे आधी ठरवण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. ते काम तपास यंत्रणेचं आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलेलं आहे.

म्हणून त्या आईला द्यायचं उत्तर असं: "ताई, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. मुलीला आता आणखी काही विचारू नका. फोनमधलं काही पुसू नका. मी आजच पोलिसांना कळवणार आहे, ते मला करावंच लागतं. तुम्ही सोबत आलात तर चांगलंच, पण आला नाहीत तरी मी जाणार." मग घरी जाण्याआधी आईचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळ घालून, एका कागदावर लिहून सही करा. आपल्या भाषेत सुधारून लिहू नका. मुलीला कार्यालयात बोलावून पाच काकांसमोर उभं करू नका. तिचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तो शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवरूनही मदत मिळते. मुलीचं नाव, शाळा, फोटो, गल्ली, यातलं काहीही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. मंडळाच्या ग्रुपवरही नाही.

पाच आठवड्यांचा उशीर किती महाग पडतो हे अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेने दाखवून दिलं. संघटनेचा डॉक्टर लॅरी नासर खेळाडू मुलींवर लैंगिक अत्याचार करत असल्याची तक्रार संघटनेला जून २०१५ मध्ये कळली. आधी अंतर्गत चौकशी केली आणि एफबीआयला जुलैच्या अखेरीस कळवलं. नासर संघटनेतून गाजावाजा न होता निवृत्त झाला, पण विद्यापीठातल्या नोकरीत तो ऑगस्ट २०१६ पर्यंत रुग्ण तपासत राहिला. जानेवारी २०१८ मध्ये त्या संघटनेच्या संपूर्ण संचालक मंडळाला जावं लागलं.

यातून आपल्याकडच्या एका घातक प्रथेकडे येतो. "सर, तुम्हीच राजीनामा द्या, आम्ही काही बोलणार नाही" असं म्हणून प्रशिक्षकाला मोकळं करायचं आणि वर अनुभवाचा चांगला दाखला द्यायचा. महिन्याभरात तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्लबमध्ये लहान मुलांच्या बॅचपुढे उभा असतो. तक्रार प्रलंबित असताना कुणालाही वर्तणुकीचा दाखला देऊ नका. दुसऱ्या संस्थेने विचारणा केली तर "तक्रार आली असून कारवाई चालू आहे" एवढं लेखी कळवा.

महिला खेळाडू किंवा कर्मचाऱ्याची तक्रार

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात स्टेडियम, क्रीडा संकुल, प्रशिक्षणाची जागा हे सगळं कामाच्या ठिकाणात मोडतं. तक्रार करणारी बाई पगारावर असलीच पाहिजे असं नाही, खेळाडूही तक्रार करू शकते. कर्मचाऱ्यांच्या व्याख्येत विनामानधन काम करणारेही येतात. हे फार थोड्या मंडळांच्या लक्षात येतं. "आमच्याकडे पगारी माणसं चारच" म्हणणाऱ्या क्लबमध्ये मानद प्रशिक्षक, मैदानाची माणसं आणि स्वयंसेवक धरले की आकडा सहज १० च्या वर जातो. १० किंवा अधिक असतील तर अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी नसतील इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरची जाणकार व्यक्ती. १० पेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द संस्थेच्या प्रमुखाविरुद्ध असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने, ती आणखी ३ महिने वाढवता येते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. समेट घडवायचा तर तो फक्त तक्रारदाराने मागितला तरच, आणि पैशांच्या बदल्यात समेट कायद्याला मान्य नाही. "काकूंना मध्ये घालून मिटवू या" हा मार्ग इथे बंद आहे.

पैशांचा आरोप: त्याच रात्री कागद ताब्यात

कपाटाच्या दोन्ही चाव्या कुणाकडे आहेत ते पाहा आणि आरोपाशी संबंध नसलेल्या दोन विश्वस्तांनी मिळून कपाट उघडा. इतिवृत्ताची वही, पावती पुस्तकं (वापरलेली, अर्धवट आणि कोरी), व्हाउचर, चेकबुक, बँकेची पासबुकं, हजेरीपट, साहित्याचं रजिस्टर. प्रत्येकाची यादी करा, शेवटचा वापरलेला क्रमांक लिहा, दोघांनी सही करा आणि यादीचा फोटो तिसऱ्या विश्वस्ताला पाठवा. नेट बँकिंगचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो ते विचारा. बँकेला पत्र देऊन सह्यांचे अधिकार तात्पुरते बदला. सीसीटीव्ही असेल तर चित्रीकरणाची प्रत लगेच काढून घ्या, कारण बहुतेक यंत्रं काही आठवड्यांत जुन्यावर नवं नोंदवतात. डिजिटल पुरावा न्यायालयात चालायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे प्रत कोणी, कोणत्या यंत्रातून, किती वाजता काढली हे लिहून ठेवा.

आणि काउंटरवरचा क्यूआर कोड स्वतः स्कॅन करून बघा. हल्ली निम्मा गोंधळ तिथेच सापडतो. काचेखाली चिकटवलेल्या स्टिकरवर क्लबचं नाव छापलेलं असतं, पण स्कॅन केल्यावर पडद्यावर येतं ते एखाद्या माणसाचं नाव. त्याचा स्क्रीनशॉट घ्या. स्टिकर फाडू नका, काढून पाकिटात सीलबंद करा.

मग तीन कागद शेजारी ठेवा: हजेरीपट, पावत्यांची स्थळप्रत आणि बँकेचा उतारा. समजा मे महिन्याच्या शिबिरात हजेरीपटावर १२० मुलं आहेत आणि फी १,५०० रुपये. म्हणजे १,८०,००० यायला हवेत. पावत्या ७४ फाडल्या आहेत आणि बँकेत १,११,००० जमा आहेत. पावत्या आणि बँक यांचा मेळ अगदी बरोबर बसतो, म्हणूनच लेखापरीक्षणात काही दिसलं नाही. फरक आहे तो हजेरीत: ४६ मुलं, ६९,००० रुपये. त्यातल्या काहींना फी माफ केली असेल. मग माफीचा ठराव कुठे आहे? ठराव नसेल तर त्या ४६ पालकांना एकच प्रश्न विचारायचा, की फी कुणाला आणि कशी दिली. हे काम एका संध्याकाळी होतं आणि त्याला मोठ्या तज्ज्ञाची गरज नसते.

कधी कधी आरोप झाल्यावर संबंधित माणूस पैसे घेऊन येतो आणि म्हणतो, "हे घ्या, विषय संपवा." पैसे हक्क राखून, पावती देऊन, बँकेतच भरून घ्या. पैसे परत आल्याने फौजदारी विश्वासघात पुसला जात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालचा गुन्हा तसाच राहतो. लेखापरीक्षकालाही लेखी कळवा. गुजरात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० च्या कलम ३४ नुसार अनियमितता अहवालात मांडणं हे त्यांचं कर्तव्य आहे.

हॉल किंवा मैदान केटररला, लग्नाला, दुकानाला दिल्याची तक्रार असेल तर करार काढून मुदत बघा. बिगरशेती जागा ३ वर्षांहून अधिक काळ भाड्याने देण्यासाठी याच विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे चॅरिटी कमिशनरची (ट्रस्टवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची) पूर्वमंजुरी लागते.

तातडीची सभा: कोण बसणार आणि कोण उठणार

वडोदऱ्याच्या मराठी वस्तीत चार घरं सोडून सगळे एकमेकांचे सोयरे. हे आपलं बळ आहे, पण चौकशीत तीच मोठी अडचण होते. खजिनदार प्रशिक्षकाचा मेहुणा निघतो, अध्यक्षांचा नातू त्याच बॅचमध्ये असतो. अशा माणसाने गप्प बसणं पुरेसं नाही. त्याने नातं सभेत सांगायचं आणि खोलीतून बाहेर जायचं. वयाने मोठ्या माणसाला "काका, तुम्ही बाहेर थांबा" म्हणायला जीभ रेटत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून हा नियम सभेच्या सुरुवातीलाच चिटणीसांनी सगळ्यांसाठी वाचून दाखवावा. मग तो कुणा एकाला उद्देशून राहत नाही.

ठराव साधारण असा लिहावा:

"आज दि. ___ रोजी सायं. ७ वाजता विश्वस्त मंडळाची तातडीची सभा झाली. प्रशिक्षक श्री. ___ यांच्याविरुद्ध दि. ___ रोजी तक्रार आली आहे. खजिनदार श्री. ___ यांनी ते आपले नातेवाईक असल्याचे सांगून ७.१० वाजता सभा सोडली. चौकशी पूर्ण होईपर्यंत श्री. ___ यांनी संस्थेच्या आवारात येऊ नये व कोणत्याही खेळाडूशी किंवा पालकांशी संपर्क ठेवू नये. ही शिक्षा नसून चौकशी निर्वेध व्हावी यासाठीची व्यवस्था आहे. त्यांना आपले म्हणणे लेखी मांडण्यासाठी ___ दिवस देण्यात येत आहेत. बाजूने: ___. विरोधात: ___."

शेवटची ओळ गाळू नका. कुणी कोणत्या बाजूने मत दिलं हे नावानिशी लिहिलं की पुढे "मी तर तेव्हाच म्हणालो होतो" याला जागा राहत नाही. आरोपीला म्हणणं मांडायची संधी देणं हेही त्याच ठरावात हवं. ती न देता केलेली कारवाई पुढे न्यायालयात टिकत नाही, आणि निर्दोष माणसावर अन्याय झाला तर त्याचीही जबाबदारी मंडळाचीच. मुलाच्या प्रकरणात मात्र ठरावात किंवा नोटिशीत काय लिहायचं हे तपास अधिकाऱ्याला विचारून ठरवा, नाहीतर ओळख उघड होण्याचा आणि पुरावा बिघडण्याचा धोका असतो.

संबंधित माणसं उठून गेल्यावर गणपूर्ती राहत नसेल तर संस्थेची घटना उघडून पाहा. त्यात मार्ग नसेल तर चॅरिटी कमिशनरकडे त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ए खाली निर्देश मागता येतात. तिथले कागद गुजरातीत चालतात आणि आपली इतिवृत्तं मराठीत असतात. महत्त्वाच्या ठरावांचा गुजराती अनुवाद तेव्हाच करून, सही करून जोडून ठेवा.

चौकशी बाहेरच्यांकडून

२०१३ च्या आयपीएल सट्टेबाजी प्रकरणात क्रिकेट मंडळाने दोन निवृत्त न्यायाधीशांची समिती स्वतःच नेमली. अध्यक्षांचे जावईच चौकशीच्या कक्षेत होते. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जुलै २०१३ रोजी त्या समितीची रचना बेकायदा ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयाला मुद्गल समिती नेमावी लागली. न्यायाधीश निवृत्त असले म्हणून चौकशी आपोआप स्वतंत्र होत नाही. ती कोणी नेमली आणि नेमणाऱ्याचा त्यात स्वार्थ आहे का, हे पाहिलं जातं.

लहान क्लबला तीन माणसं पुरतात: कायद्याचा अनुभव असलेली एक व्यक्ती, क्लबचे लेखापरीक्षक नसलेले एक सीए आणि बालसंरक्षणाचं किंवा महिलांसोबतचं काम केलेली एक महिला. शहरात नात्यागोत्याबाहेरचं कुणी मिळत नसेल तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य आणि विधी शाखांत विचारा, नाहीतर सुरत, अहमदाबादहून बोलवा. प्रवासखर्च द्या. समितीच्या कामाची कक्षा लेखी हवी: कोणत्या तारखांमधल्या घटना, कोणते कागद, किती दिवसांत अहवाल. पोलीस तपास चालू असेल तर या समितीने पीडित मुलाला किंवा साक्षीदारांना विचारपूस करू नये. तिने मंडळाकडेच पाहावं. आधी कुणी तोंडी तक्रार केली होती का, कुणाला कधी कळलं, कोणता नियम होता आणि तो कुणी पाळला नाही. खरं उत्तरदायित्व या प्रश्नांत आहे, आणि मंडळं नेमके हेच प्रश्न कक्षेतून वगळतात.

राजीनामे

आरोप झाला की दोन-तीन विश्वस्त त्याच आठवड्यात राजीनामा पाठवतात. ज्याच्यावर थेट आरोप आहे त्याने बाजूला झालंच पाहिजे. पण बाकीच्यांनी पळ काढला तर कागद, खेळाडू आणि चौकशी तिघांनाही वाली राहत नाही. राजीनाम्याने मागच्या कारभाराची जबाबदारीही संपत नाही. कर्तव्यात सतत हयगय किंवा विश्वासघात आढळला तर चॅरिटी कमिशनर विश्वस्त कायद्याच्या कलम ४१डी खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करू शकतात. ज्याला जायचं आहे त्याने आपल्याकडचे कागद, पासवर्ड आणि चाव्या यादी करून सुपूर्द कराव्यात, अहवालाला उत्तर द्यायला हजर राहण्याचं लिहून द्यावं आणि मग जावं. विश्वस्त बदलला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत फेरफाराची नोंद द्यायची असते, ती चुकवू नका.

बोलायचं कुणी

एकानेच. लेखी निवेदन चार ओळींचं: तक्रार आली आहे, संबंधित यंत्रणेला कळवलं आहे, अमुक व्यक्तीकडे काम नाही, चौकशी अमुक तारखेपर्यंत. "आमच्या संस्थेला बदनाम करण्याचा कट" हे वाक्य कुणीही, कुठेही बोलू नये. पालकांची बैठक वर्तमानपत्राच्या आधी घ्या.

अहवाल आल्यावर

अहवाल कपाटात ठेवायचा नाही. मुलांची आणि तक्रारदारांची ओळख पटेल असा मजकूर झाकून बाकीचा सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा. नोटीस जाताना सोबत प्रत द्या, म्हणजे सभासद तयारीने येतील. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार विश्वस्ताचं नाव आणि तारीख लिहा. पुढच्या सभेचा पहिला विषय तीच यादी.

कायमचे नियम थोडेच ठेवा, पण लेखी. फी फक्त संस्थेच्या खात्यात. प्रशिक्षकाने मुलांना व्यक्तिगत मेसेज करायचा नाही, पालक असलेल्या ग्रुपवरच. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक. दरवर्षी प्रत्येक विश्वस्ताने नातेसंबंध आणि व्यवहार लिहून द्यायचे. तक्रार घेणारी एक व्यक्ती मंडळाबाहेरची, तिचा नंबर फलकावर. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम २०२५ ने राष्ट्रीय संघटनांना आचारसंहिता आणि सुरक्षित क्रीडा धोरण आखायला सांगितलं आहे. स्थानिक क्लबने आपला मसुदा करताना ते समोर ठेवावं.

तक्रार करणाऱ्या मुलाचं काय झालं हे तीन महिन्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी विचारायला एक विश्वस्त नेमा. बहुतेक ठिकाणी ते मूल खेळ सोडतं आणि क्लब पुढे चालू राहतो. त्याला परत यायचं असेल तर कोणत्या बॅचमध्ये, कोणत्या प्रशिक्षकाकडे, कोणत्या वेळी, हे त्याने आणि घरच्यांनी ठरवावं. दुसऱ्या क्लबमध्ये जायचं असेल तर नोंदणीचे कागद त्याच दिवशी द्या आणि भरलेली फी परत करा.